नवी की जुनी? शिडाच्या नौकेचा सौदा आणि आपला इतिहास

मागच्या रांगेत आवाज पोचतोय ना? बरं.

आजचा विषय मी जेव्हा सांगितला, तेव्हा आयोजकांपैकी एकजण हसून म्हणाले, “सर, बदलापूर गावात शिडाची नौका कोण विकत घेणार? इथे लोक लोकलमध्ये चौथी सीट मिळवण्यासाठी भांडतात.” (हशा) बरोबर आहे. पण बदलापूर आणि बोट हे शब्द एका वाक्यात आल्यावर आपल्याला हसू येतं आणि लगेच काहीतरी आठवतंही. २७ जुलै २०१९. महालक्ष्मी एक्स्प्रेस इथून जवळच, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, पाण्यात अडकली होती. हजाराहून अधिक प्रवासी गाडीत. त्यांना काढायला एनडीआरएफच्या हवा भरलेल्या बोटी आल्या, नौदलाची पथकं आली. त्या दिवशी रुळांवरून बोटी चालल्या. उल्हास नदीने एका रात्रीत आपल्याला आठवण करून दिली की आपण नदीकाठचे लोक आहोत.

ही उल्हास राजमाचीच्या दरीतून निघते, कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला जाते आणि पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. आपल्याकडे ती गोड्या पाण्याची नदी. कल्याणजवळ तिला भरती-ओहोटी भेटते. म्हणजे इथून रेल्वेने पाऊण तासाच्या आत आपण खाऱ्या पाण्याच्या काठावर असतो. आणि आजची गोष्ट तिथेच सुरू होते.

२४ ऑक्टोबर १६५७. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. डोंगरी मुलखाच्या सत्तेच्या हाती पहिल्यांदा समुद्राकडे उघडणारं मोठं बंदर आलं. आता नावा पाहिजेत. त्या आणायच्या कुठून? आज तुम्ही-आम्ही मोटार घेताना जो प्रश्न घरात चघळतो, तोच प्रश्न: नवी की जुनी? फक्त इथे त्याचं उत्तर चुकलं तर मुलूख जातो.

जुन्या, तयार नावा बाजारात नव्हत्या असं नाही. कोकणचा किनारा गलबतांनी भरलेला होता. पण व्यापाराचं गलबत निराळं आणि लढाईची नाव निराळी. व्यापारी नावेचं पोट मोठं असतं, माल मावावा म्हणून. लढाईच्या नावेला वेग पाहिजे, उथळ खाडीत शिरता आलं पाहिजे, तोफेचा धक्का सोसता आला पाहिजे. महाराजांनी नवी बांधायचं ठरवलं. लाकूड? ते सह्याद्रीच्या उतारावर उभं होतं. नव्हती ती एक गोष्ट: लढाऊ नाव बांधणारा हात.

तो हात त्यांनी पगार देऊन आणला. पोर्तुगीज कागदपत्रांत एक नाव येतं, रुय लैतांव व्हियेगस. त्याच्यासोबत त्याच्या घरातला एक जण आणि शेकडो माणसं कल्याणला कामावर होती. १६५९ च्या एका पोर्तुगीज पत्रात काळजीच्या सुरात नोंद आहे की इथे वीसेक संगमेश्वरी नावा बांधल्या जात आहेत. काळजी का, ते नकाशा डोळ्यांसमोर आणा म्हणजे कळेल. कल्याणहून निघालेली नाव समुद्राला पोचायची तर वसई नाहीतर ठाण्यावरून जाणार, आणि ही दोन्ही ठिकाणं पोर्तुगीजांची. आपल्याच माणसांनी बांधलेल्या नावा उद्या आपल्याच दारावरून तोफा घेऊन जातील, हे त्यांना दिसत होतं. मग वसईच्या अधिकाऱ्यांनी या कारागिरांना समजावलं, आणि ती सगळी मंडळी काम टाकून निघून गेली.

इथे जरा थांबू या. महाराजांच्या हातात काय उरलं? लाकूड उरलं. अर्धवट सांगाडे उरले असतील. पैसा होताच. पण बांधणारा गेला. नाव विकत घेणं म्हणजे फळ्या, खिळे आणि शीड विकत घेणं, असं आपल्याला वाटतं. खरं तर आपण घेतो ते कुणाच्या तरी हातातलं ज्ञान. ते ज्ञान परक्याचं असेल, तर ते उठून चालू पडू शकतं. पुढे काय झालं, ते आकड्यांतून कळतं. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज बसरूरच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा इंग्रजांच्या पत्रव्यवहारात ८५ लहान लढाऊ नावा आणि ३ मोठी जहाजं अशी नोंद आहे. म्हणजे व्हियेगस गेल्यावरही काम बंद पडलं नाही. कारागीर निघून गेले, पण सहा वर्षांत आरमार उभं राहिलं होतं. माझ्या मते कल्याणच्या गोष्टीतला महत्त्वाचा भाग हा आहे. आपण मात्र दुर्गाडीवर जाऊन फोटो काढतो आणि खाडीकडे पाठ करून उभे राहतो.

आता नाव मिळवण्याचा तिसराही मार्ग असतो. तो कान्होजी आंग्र्यांनी दाखवला. नोव्हेंबर १७१२ मध्ये मुंबईचा इंग्रज गव्हर्नर एस्लाबी याची खासगी शिडाची नौका, ‘अल्जेरीन’ तिचं नाव, कारवारकडून येत असताना आंग्र्यांच्या आरमाराने पकडली. कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला, त्याची बायको कैद झाली आणि पुढल्या वर्षी ३०,००० रुपये घेऊन सोडली गेली. जुनी नौका, तीही पैसे न देता, वर तीस हजार मिळाले! (हशा) असा सौदा आज कुठल्याही दलालाकडे मिळायचा नाही.

गंमत सोडा. इंग्रजही याच प्रश्नाशी झगडत होते. त्यांची जहाजं इंग्लंडमध्ये ओकच्या लाकडाची बांधली जात. ती इकडे यायची आणि उष्ण पाण्यात लवकर खराब व्हायची. १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया मुंबईला आले आणि कंपनीच्या गोदीची सूत्रं एका पारशी सुतार घराण्याकडे गेली. त्यांचं लाकूड साग. सागात नैसर्गिक तेल असतं. त्यातला लोखंडी खिळा टिकतो. ओकमधल्या आम्लाने खिळा खातो, आणि खिळा गेला की फळी सैल. म्हणून मुंबईचं जहाज पन्नास वर्षांनंतरही विकायला काढलं तर गिऱ्हाईक उभं राहायचं.

एकच उदाहरण देतो. ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलं, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात सोडलं. मराठी राज्य बुडायला तेव्हा काही महिने उरले होते, हा योगायोग लक्षात घ्या. खडकीची लढाई त्याच वर्षी नोव्हेंबरात झाली. तर हे जहाज ब्रिटिश नौदलात राबलं आणि १८९७ मध्ये भंगारात विकलं गेलं. भंगारवाल्याकडून ते घेतलं कॉब नावाच्या एका गृहस्थाने. त्याचं आधीचं जहाज त्याच वर्षी वादळात फुटलं होतं, त्याला मुलांना समुद्राचं शिक्षण द्यायला दुसरं पाहिजे होतं. ऐंशी वर्षांचं जुनं जहाज! आपण ऐंशी वर्षांचं घरसुद्धा घेत नाही, पुनर्विकासाला देतो. ते जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. दोनशे वर्षं उलटून गेली.

म्हणजे जुनी घ्यावी? थांबा. एक स्वतःची फजिती सांगतो. तरुणपणी आम्ही तिघा मित्रांनी वर्गणी काढून अलिबागच्या बाजूला एक लहानशी जुनी शिडाची होडी घेतली. काय सुंदर रंग! निळा, त्यावर पांढरी पट्टी. विकणारा माणूस भलता गोड बोलायचा. आम्ही शीड बघितलं, डोलकाठी हलवून बघितली, नारळ फोडला. तिथल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने, आम्ही पैसे देऊन झाल्यावर, खिशातून चाकू काढला आणि आतून, पाणी साचतं त्या कोपऱ्यात, लाकडाला टोक लावून दाबलं. चाकू लोण्यात जावा तसा आत गेला. तो काही बोलला नाही. चाकू पुसून खिशात टाकला. ती होडी एका पावसाळ्यात गेली. तेव्हापासून मी नवा रंग दिसला की घाबरतो. होडी जुनी असल्याचं काही नाही, पण रंग नवा असेल तर विचारावं, आत्ताच का दिला?

आता आजच्या व्याख्यानाच्या मुख्य गोष्टीकडे येतो. ही गोष्टही मुंबईचीच आहे आणि आपल्याला फारशी माहीत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईला ये-जा करणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक तरुण अधिकारी होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ठरवलं, मुंबईत स्वतःची शिडाची नौका बांधून घ्यायची आणि तिच्यातून इंग्लंडला घरी जायचं. टपालाने आराखडे मागवले. जे मागवले ते आलेच नाहीत, त्याऐवजी आला १९२० च्या दशकातला एक जुनाट आराखडा. विल्यम ॲटकिन नावाच्या अमेरिकन रचनाकाराचा, ‘एरिक’ नावाचा. बुटकी, जाड, दोन्ही टोकांना निमुळती नौका. दुसरा आराखडा मागवायला वेळ नव्हता. म्हटलं, हाच घ्या.

कुलाब्याला काम सुरू झालं. लाकूड साग. हत्यारं कुठली? वाकस, हातकरवत आणि दोरीने फिरवायचा सामता. वाडियांच्या काळातल्या सुताराला ती हत्यारं हातात दिली असती तर तो थेट कामाला लागला असता. विजेचं यंत्र नाही. नॉक्स-जॉन्स्टनने या कारागिरांबद्दल आदराने लिहिलं आहे. पण त्यांची नावं? इतिहासात मालकाचं नाव राहतं, नौकेचं राहतं, वाकस चालवणाऱ्याचं राहत नाही. ट्रिंकोमालीत निदान वाडियांचं नाव आहे.

डिसेंबर १९६४ मध्ये नौका पाण्यात उतरली. आपल्या रीतीप्रमाणे नाळेवर नारळ फोडून. नाव ठेवलं ‘सुहैली’. आखाती देशांतले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला सुहैली म्हणतात. लांबी जेमतेम ३२ फूट, म्हणजे आपल्या एसटीपेक्षा फार मोठी नाही. वर्षभराने नॉक्स-जॉन्स्टन, त्याचा भाऊ आणि एक मित्र तिच्यातून मुंबईहून निघाले आणि आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडला पोचले.

आणि मग, मंडळी, त्याने ती विकायला काढली.

कारण असं. १९६७ मध्ये सगळीकडे एकच चर्चा होती: एकट्याने, कुठल्याही बंदरात न थांबता, शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा कोण करणार? नॉक्स-जॉन्स्टनला ते करायचं होतं. त्याला वाटलं, सुहैली या कामाची नाही. मंद चालीची, लहान, जुन्या धाटणीची. त्याला पाहिजे होती नवी, मोठी, पोलादी नौका. एका नामवंत रचनाकाराकडून आराखडाही करून घेतला. सुहैली विकायची, उरलेले पैसे कुणा पुरस्कर्त्याकडून घ्यायचे. पत्रं लिहून लिहून थकला. कोणी पैसे दिले नाहीत आणि सुहैलीही विकली गेली नाही. शेवटी नाइलाजाने तो तिलाच घेऊन निघाला. १४ जून १९६८.

निघाल्यावर काही आठवड्यांतच, केप व्हर्द बेटांच्या आसपास, नौकेत पाणी शिरायला लागलं. तो पाण्यात उडी मारून खाली गेला. तळातल्या कण्याजवळची फळ्यांमधली फट दोन्ही बाजूंनी आठेक फूट उघडली होती. आता विचार करा. खाली हजारो फूट खोल पाणी, जवळ कोणी नाही. त्याने फटीत सुती धागा ठासला, त्यावर कापडाची पट्टी आणि त्यावर तांब्याचा पत्रा, हे सगळं श्वास धरून, बुड्या मारमारून, पाण्याखाली खिळ्यांनी ठोकलं. मध्ये एक शार्क घुटमळत होता, त्याला बंदुकीने मारावं लागलं. पुढे ऑस्ट्रेलियाच्या जवळ आपोआप दिशा धरणारं यंत्र मोडलं. मग शिडंच अशी जुळवली की नौका स्वतःच आपली वाट धरून चालेल. २२ एप्रिल १९६९ ला तो परत फाल्मथला पोचला. ३१२ दिवस. त्या स्पर्धेत नऊ जण उतरले होते, पुरी केली एकट्याने. एकट्याने न थांबता जगाला वळसा घालणारी पहिली नौका मुंबईची, सागाची, सामत्याने भोकं पाडलेली. ती विकली गेली नाही म्हणूनच.

तो तग का धरू शकला? तो शूर होता, हे खरंच. पण तिची प्रत्येक फळी त्याला माहीत होती. ती बांधली जात असताना तो तिथे होता, मुंबई ते लंडन तिचे सगळे रडगाणे त्याने ऐकले होते. फट उघडली तेव्हा ती कुठे असणार, हे त्याला आधीच ठाऊक होतं.

आता त्याच स्पर्धेतली दुसरी गोष्ट. डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा एक इलेक्ट्रॉनिक्सचा लहान धंदेवाईक. याने मात्र नवी कोरी नौका बांधून घेतली, तीन सांगाड्यांची, त्या काळातली अत्याधुनिक. पैसे एका व्यावसायिकाने घातले आणि करारात कलम होतं: मोहीम फसली तर नौका क्रोहर्स्टने परत विकत घ्यायची. म्हणजे घर, धंदा, सगळं त्यात जाणार. घाईघाईत बांधलेली नौका घेऊन तो निघण्याच्या शेवटच्या दिवशी, ३१ ऑक्टोबर १९६८ ला निघाला. निघताना काम अपुरंच होतं. गळती सुरू झाली. परत फिरावं तर दिवाळं, पुढे जावं तर दक्षिण महासागरात मरण. मग त्याने तिसरा रस्ता काढला, अटलांटिकमध्येच फिरत राहायचं आणि खोट्या जागा कळवायच्या. जुलै १९६९ मध्ये त्याची नौका रिकामी सापडली. तो नव्हता. वह्या होत्या. नॉक्स-जॉन्स्टनने स्पर्धेतलं आपलं ५,००० पौंडांचं बक्षीस क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिलं.

मी ही गोष्ट वाचतो तेव्हा मला ती समुद्रापेक्षा त्या कलमाची वाटते. तुमच्यापैकी कुणी चाळीतून फ्लॅटमध्ये आला असेल, कर्जाच्या कागदावर सह्या केल्या असतील, तर त्याला परत फिरता न येणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

परत आपल्याकडे येऊ. भारतीयांची पहिली शिडाच्या नौकेतली पृथ्वीप्रदक्षिणा जुन्या नौकेतून झाली. लष्कराच्या इंजिनिअर अधिकाऱ्यांनी ३७ फुटी एक वापरलेली नौका इंग्लंडमध्ये घेतली, तिचं नाव बदलून ‘तृष्णा’ ठेवलं आणि १९८५ ते १९८७ मध्ये जग फिरून मुंबईला आणली. वाटेत थांबत, आळीपाळीने. उत्तम काम. पण नौका बाहेरून आली, म्हणजे ती बांधण्याची विद्याही बाहेरच राहिली.

निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी, फलटणजवळच्या विंचुर्णीला राहायचे, यांच्या डोक्यात वेगळं होतं. एका भारतीयाने एकट्याने जगप्रदक्षिणा करायची, आणि नौका भारतात बांधलेली पाहिजे. दुसरी अट नसती तर परदेशातून एखादी तयार नौका घेऊन मोहीम लवकर निघाली असती. २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. त्यांच्याकडे नौका नव्हती आणि भारतात अशी नौका बांधणारा तयार माणूसही नव्हता. कल्याणचा प्रश्न जसाच्या तसा, साडेतीनशे वर्षांनी.

दोंदे शिकायला कुणाकडे गेले? नॉक्स-जॉन्स्टनकडे. ६७ व्या वर्षी ते पुन्हा जगप्रदक्षिणेच्या स्पर्धेत उतरत होते, त्यांच्या नौकेच्या तयारीत दोंदे राबले. आणि नौका बांधली गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी. ते फायबरग्लासच्या बोटी बांधत, पण महासागरात जाणारी शिडाची नौका त्यांनी कधी बांधली नव्हती. आराखडा डच, ५६ फुटी. लाकडाच्या पट्ट्या, वरून फायबरग्लास. दोंदे बांधणीभर तिथेच होते. २००९ च्या सुरुवातीला नौका तयार झाली. नाव ‘म्हादई’, मांडवीचं वरचं, डोंगरातलं नाव. आपण वसईच्या खाडीला उल्हास म्हणावं तसं. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघून चार ठिकाणी थांबत दोंदे १९ मे २०१० ला परतले. पुढे त्याच म्हादईतून अभिलाष टॉमी न थांबता जाऊन आले. दांडेकरांच्याच कारखान्यात त्याच धाटणीची ‘तारिणी’ बांधली गेली, तिच्यातून नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये जग फिरून आल्या. एका नव्या नौकेच्या हट्टातून दिवाडी बेटावर एक विद्या रुजली. विकत घेतलेल्या नौकेतून ती रुजली नसती.

म्हणजे नवीच घ्यावी? (हशा) पुन्हा थांबा. २०१८ मध्ये अभिलाष टॉमी सुहैलीच्या आराखड्यावर गोव्यातच बांधलेल्या नव्या ‘थुरिया’तून स्पर्धेला गेले. दक्षिण हिंदी महासागरात वादळात डोलकाठी मोडली, पाठीचा कणा जबर दुखावला, नौका समुद्रात सोडून द्यावी लागली. तशा वादळात कुणाचंही काही चालत नाही, बांधणाऱ्याचा दोष नाही. पुढच्या स्पर्धेला, २०२२ मध्ये, तेच अभिलाष एक जुनी ब्रिटिश बनावटीची नौका घेऊन उतरले. २३६ दिवसांनी दुसरे आले. पहिली आली ती दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर, तिचीही नौका जुनीच. तिने ती कॅनडात, जवळजवळ वर्षभर स्वतःच्या हातांनी उघडून, पुन्हा बांधून काढली होती.

शेवटचं एक सांगतो, मग प्रश्न घेऊ. सुहैलीचं पुढे काय झालं, असं लोक नेहमी विचारतात. तिला मान म्हणून ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवलं होतं. छप्पर, दिवे, तापमान सगळं जपलेलं. तिथल्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसायला लागल्या. नॉक्स-जॉन्स्टनने हे बघितलं आणि २००२ मध्ये तिला तिथून बाहेर काढलं, परत पाण्याकडे नेलं. कुलाब्याचा साग आहे तो. अजून त्यांच्याकडेच आहे.

हं, विचारा.